सगळेच सेनापती

आमच्या सोसायटीत लिफ्ट अडकली की लोक वॉचमनला हाक मारतात. बापूकाका मात्र "हवालदार!" म्हणून ओरडतात आणि तो बिचारा "जी" म्हणत धावत येतो. "गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे असायच्या," काकांनी मला सुनावलेलं. "आपल्या गेटची किल्ली कोणाकडे? मग?"

मी तेव्हा डोंबिवलीत नुकतीच राहायला आलेले, हातात दुधाची पिशवी, आणि हा माणूस हुद्दे वाटतोय! बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी चालवते हे कळल्यावर त्यांनी मला जुमलेदार केलं. एकदा मी पाण्याची मोटर बंद करायला विसरले, तर भर जिन्यात आठवडाभरासाठी हुद्दा काढून घेतला. खरं सांगते, मला वाईट वाटलेलं! चेअरमनना मात्र ते "सेनासाहेब सुभा" म्हणतात. "काम काही नसलं तरी किताब भारदस्त हवा," हे हळूच माझ्या कानात.

यंदा पाडव्याच्या शोभायात्रेत मराठ्यांची फौज काढायची असं काकांनी जाहीर केलं. त्यामागचं कारणही सांगून टाकलं. यात्रा फडके रोडवरून जाते आणि तिथे पहिल्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहतात, दादा. अर्धांगवायूनंतर दादांचं बोलणं बंद झालं. ते गॅलरीत येत नाहीत, काका भेटायला गेले तरी खोलीचं दार उघडत नाहीत.

"फौज बघायला तरी बाहेर येईल," काका म्हणाले. "हे वेड मूळचं त्याचं. मी त्याच्याकडून उचललं."

मग काय विचारता! गच्चीवर रोज संध्याकाळी नुसता धुमाकूळ. काकांनी पोरांकडून घोकून घेतलं: पाईक, त्याच्यावर नाईक, मग हवालदार, जुमलेदार, हजारी, आणि सगळ्या पायदळाचा सरनोबत. सरनोबत अर्थातच काका.

पाडव्याच्या सकाळी आम्ही गेटपाशी जमलो आणि काका किंचाळलेच. प्रत्येक आईने आपलं पोर सेनापती करून आणलेलं! तोच जरीचा मंदिल, तीच मोत्यांची माळ, तीच चिकटवलेली मिशी. चेअरमनसुद्धा मिशी लावून हजर.

"अहो, लढणार कोण?"

"आमचा अथर्व पाईक कशाला होईल?" पाटकर वहिनी फणकारल्या. "भाड्याने एवढा छान ड्रेस मिळत असताना!"

मी दुसरीकडेच बघायला लागले. माझी इराही सेनापतीच होती ना!

काकांनी कपाळावर हात मारला. मग डोक्यावरचा मंदिल उतरवला, माळ काढून माझ्या हातात कोंबली, कमरेला उपरणं आवळलं आणि झेंड्याची एक मोकळी काठी उचलली. "ठीक आहे. पाईक मी."

अख्ख्या रस्त्याने लोक पोट धरून हसत होते. पुढे सेनापतींची झुंबड आणि मागे बोडक्या डोक्याचा एकटा म्हातारा सैनिक. "काका, एकटेच लढणार काय?" कोणीतरी ओरडलं. काका मान ताठ ठेवून चालत राहिले.

फडके रोडवर दादांच्या घराखाली त्यांनी आमचे ढोल थांबवले. गॅलरीचं दार बंद. मागचं पथक शिट्ट्या मारायला लागलं, एक स्वयंसेवक "चला, पुढे चला" करत अंगावर आला.

"अरे थांब की जरा!" मी त्याच्यावर खेकसले.

आणि दार उघडलं हो! दादांच्या बायकोने चाकाची खुर्ची पुढे आणली. दादांनी त्या सगळ्या मिशांवरून नुसती नजर फिरवली. मग ती शेवटी उभ्या असलेल्या काकांवर थांबली. काकांनी वाकून मुजरा केला.

"सरनोबत, पाईक हजर आहे!" आवाज पार चिरकला.

मग मान वर न करताच मला म्हणाले, "लहानपणी खेळायला आम्ही दोघेच. तो सरनोबत आणि सगळी फौज मी. कधी बढती दिली नाही लेकाच्याने."

वर दादांचा जबडा हलायला लागला. बराच वेळ नुसती घरघर. मग त्यांनी डावा हात उचलून काकांकडे बोट केलं.

"ना... ईक."

काकांनी माझा दंड धरला आणि भर रस्त्यात नाचायलाच लागले. "ऐकलंत जुमलेदार? बढती दिली! दादा बोलला हो, दादा बोलला!" डोळ्यांतून नुसत्या धारा. काठी माझ्याकडे टाकून ते जिन्याकडे पळत सुटले.

ढोल सुरू झाले, आम्ही पुढे निघालो. आता आमच्या फौजेत एकही सैनिक नव्हता. तो वर गॅलरीत, भावाच्या खुर्चीला टेकून बसला होता.