लायसिनची रांग

कुठलंही काम सुरू करायला उत्साह पुरतो. थांबवायला मात्र स्वतंत्र नेमणूक लागते. निसर्गानं ही नेमणूक फार पूर्वीच केलेली आहे. शाळांच्या मंजूर पदांमध्ये ती अजून आलेली नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंय असंही दिसत नाही.

ही गोष्ट एका शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंची. बाई तिथं तीन वर्षं हंगामी होत्या. (हंगामी म्हणजे काम कायमचं आणि माणूस तात्पुरतं.) वार्षिक कार्यक्रम जवळ आला तसं मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"यंदा विज्ञान करू," ते म्हणाले. "डीएनए घ्या. हल्ली जिकडेतिकडे डीएनए चाललाय. नाचासारखं काहीतरी बसवा, पण शास्त्रीय."

बाईंनी ही सूचना मनावर घेतली. हंगामी माणसं सूचना मनावर घेतात. कायम झालेली तिची नोंद घेतात. बाईंच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट होती. पेशी प्रथिन कसं बनवते हा धडा मुलं दरवर्षी पाठ करत आणि पेपर संपल्याबरोबर विसरून जात. एकदा डोळ्यांनी बघितलं तर विसरणार नाहीत, असं बाईंना वाटे. त्या अजून तरुण होत्या.

त्यांनी केलेली मांडणी अशी. रंगमंचामागची खोली म्हणजे पेशीचं केंद्रक. तिथं व्यायामशाळेतली दोरीची शिडी पीळ देऊन टांगलेली, म्हणजे डीएनए. ही मूळ प्रत. ती खोलीबाहेर न्यायची नाही. हवी तेवढी नक्कल करून घ्यायची. (हा नियम पेशीत आहे आणि पाळलाही जातो, हे ऐकून शाळेच्या कारकुनांनी पेशी खासगी क्षेत्रात येत असणार असं मत दिलं.) नक्कल म्हणजे आरएनए: कापडाची लांबच लांब पांढरी पट्टी, तिच्यावर लाल रंगात ए, यू, जी, सी ही अक्षरं उलटसुलट क्रमानं. रंगमंचाच्या मध्यभागी टेबल टाकून पीटीचे सर बसणार. ते रायबोसोम. पट्टी त्यांच्या हाताखालून सरकेल, ते तीन अक्षरं वाचतील आणि शिट्टी मारतील. शिट्टी झाली की पाठीवर जुळणारी अक्षरं लावलेला नववीतला मुलगा, म्हणजे वाहक, धावत येईल आणि रंगीत टोपी घातलेल्या एका लहान मुलाला हाताला धरून आणेल. टोपीवाली मुलं म्हणजे अमिनो आम्लं. पहिली टोपी पिवळी, तिचं नाव मेथिओनिन. तिचा हात दुसरा धरेल, दुसऱ्याचा तिसरा. अशी नऊ मुलांची साखळी. इतकं आखूड प्रथिन पेशी सहसा करत नाही, पण पेशीला रंगमंचाची रुंदी सांभाळावी लागत नाही.

नवव्या टोपीनंतर पट्टीवर तीन अक्षरं होती: यू-ए-ए. या अक्षरांना जुळणारा वाहक नसतो. तिथं एक वेगळाच गडी येतो. तो कुणाला आणत नाही, काही बोलत नाही, नुसता येऊन हात करतो. साखळी सुटते, स्वतःभोवती गुंडाळी घेते, आणि प्रथिन तयार.

ह्या भूमिकेला मुलं मिळेनात. वाक्य नाही, नाच नाही, टोपीसुद्धा नाही. शेवटी घरातूनच एक उमेदवार पुढे आला.

बाईंचे सासरे एकतीस वर्षं वाहतूक हवालदार होते. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणे, हात केल्यावर थांबणाऱ्या वाहनांचं प्रमाण नोकरीच्या सुरुवातीला दहांत आठ होतं. निवृत्तीच्या वर्षी ते दहांत दोनवर आलं, आणि त्या दोहोंतलं एक बंद पडलेलं असे. निवृत्तीनंतर घरात थांबणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे भिंतीवरचं घड्याळ; तेही त्यांच्या सांगण्यावरून नव्हे.

"वाक्यं किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, बाबा. तुम्ही यायचं, हात करायचा. मग पुढं कुणी यायचं नाही. संपलं."

"संपलं म्हणजे खरंच संपलं?"

"खरंच. तुमच्याशिवाय ते संपतच नाही."

सासरे उठून आरशासमोर गेले. पुढचे आठ दिवस ते आरशापुढे हात करत होते. सासूबाई त्या वाटेनं चहा घेऊन जाताना जरा थबकत. "थांबलेच नसते," त्या सुनेला म्हणाल्या, "पण चेहरा बघितलास का त्यांचा? मोडवत नाही गं."

आता कुठलाही कार्यक्रम समितीपुढं ठेवावा लागतो. समितीत शाळेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि एक पालक प्रतिनिधी होत्या. तिघांनी तालीम मन लावून पाहिली. (मन लावून पाहणं हे समितीत विरळा; त्यामुळे होणारं नुकसानही मोठं असतं.)

"छान," अध्यक्ष म्हणाले. "पण शेवट खटकतो. आपल्या शाळेनं कधी कुणाला थांब म्हटलंय का? दर्शनी भिंतीवर आपण काय लिहिलंय? 'सतत पुढे'. आणि त्याच शाळेच्या रंगमंचावर एक हवालदार येऊन मुलांना अडवतो. संदेश काय जातो?"

"पण सर, ते शास्त्र आहे," बाई म्हणाल्या.

"शास्त्राबद्दल वादच नाही. शास्त्र राहू दे. फक्त नकारात्मक भाग काढा."

पालक प्रतिनिधींचा मुद्दा निराळा होता. बेचाळीस मुलांना कामच मिळालं नव्हतं, आणि त्या बेचाळीस मुलांच्या आया त्यांना रोज फोन करत होत्या. त्यांनी पट्टी हातात घेऊन शेवटपर्यंत पाहिली. "ह्या यू-ए-एच्या पुढं केवढी पट्टी आहे! सगळे नुसते ए, ए, ए. हे कोण वाचतं?"

"कुणीच नाही. ती शेपूट असते. आरएनए लवकर झिजू नये म्हणून."

"आणि वाचलं तर? ए-ए-ए म्हणजे काय येतं?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. शिक्षकी पेशातला हा जुना दोष आहे.

"लायसिन," त्या म्हणाल्या. "ए-ए-ए वाचलं की दर वेळी लायसिन."

"मग झालं की! सगळ्यांना लायसिन करा."

इतका सरळ, सर्वांना सामावून घेणारा तोडगा समितीच्या इतिहासात पूर्वी निघाला नव्हता. यू-ए-ए ही तीन अक्षरं कात्रीनं कापण्यात आली आणि पट्टी मागेपुढे जोडून शिवण्यात आली. बेचाळीस हिरव्या टोप्या मागवल्या. उठता उठता मुख्याध्यापक बाईंना हळूच म्हणाले, "तुमच्या कायम करण्याचा कागद ह्याच आठवड्यात माझ्यापुढं येतोय, बरं का." ह्या वाक्याचा त्याच्या आधीच्या चर्चेशी काही संबंध नव्हता. बाईंनी तो लावला आणि मान डोलावली.

घरी सासऱ्यांना सांगणं जड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, इस्त्री केलेला सदरा घडी घालून कपाटात ठेवला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे संपवायचं नाहीच?"

"नाही, बाबा."

"मग तुम्ही घरी कधी येणार?"

ह्या प्रश्नाचा विचार समितीनं केलेला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. सुरुवात तर अशी झाली की बाईंचा ऊर भरून आला. शिडी हलली, पट्टी खोलीतून बाहेर आली, पीटीच्या सरांनी ए-यू-जी वाचून शिट्टी मारली, आणि पिवळ्या टोपीतली तिसरीतली मुलगी टुणकन रंगमंचावर आली. एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "अच्छा, अशी असते होय भानगड!" तेवढ्या एका वाक्यासाठी बाईंनी तीन वर्षं काढली होती. साखळी डावीकडे सरकत गेली. नऊ टोप्या झाल्या.

मग ए-ए-ए आलं. शिट्टी. लायसिन. परत ए-ए-ए. शिट्टी. लायसिन.

बेचाळीस लायसिनं येईपर्यंत साखळीचं पुढचं टोक पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं जाऊन, दाराबाहेर पडलं होतं. पिवळ्या टोपीला चालत राहायला सांगितलं होतं. ती चालत होती. पट्टी मात्र संपायला तयार नव्हती. 'शेपूट लांब ठेवा' असा निरोप शिंप्याकडे गेला होता, आणि त्यानं अख्खं ठाण वापरलं होतं. पीटीचे सर शिस्तीचे. पट्टीवर अक्षर आहे तोवर शिट्टी, हे त्यांना सांगण्यात आलं होतं. ते वाचत गेले.

नववीतले वाहकही तयारीचे निघाले. टोपीवाली मुलं संपली तेव्हा ते प्रेक्षकांत उतरले. त्यांनी एक मावशी आणली, दोन मामा आणले, ध्वनिक्षेपक सांभाळणारा आणला. पालकांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी साखळीत होतं. अध्यक्षांना हाताला धरून नेलं तेव्हा ते संकोचानं "अहो, मी कशाला" म्हणाले आणि सर्वांच्या आधी उठले.

बाई धावत बाहेर गेल्या. रस्त्यावर एक वेगळीच अडचण उभी होती. सभागृहातून बाहेर आलेली माणसांची ओळ पाहून येणाऱ्याजाणाऱ्यांना ती आत जाणारी रांग वाटली, आणि पिवळ्या टोपीच्या पाठीमागे (म्हणजे पुढे) लोक येऊन उभे राहू लागले. पेशीतली साखळी एकाच टोकाला वाढते. दोन्ही टोकांना वाढणारी साखळी फक्त माणसांत सापडते.

"कशाची रांग आहे?" रांगेतल्या एका काकूंनी विचारलं.

"कल्पना नाही," त्यांच्या पुढचा औषधांचा दुकानदार म्हणाला. तो स्वतःचं दुकान उघडं टाकून आला होता. "पण नीट सरकतेय."

"थांबा!" बाई ओरडल्या. "अहो, थांबा!"

आपल्या भाषेत ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांतला एकच ऐकू येतो. आतून कोणीतरी अधिकारी बाई येऊन 'थांबा' म्हणून गेल्या, तेव्हा आत नक्कीच काहीतरी मिळणार, अशी लोकांची खात्री पटली. जे निघायच्या बेतात होते तेही थांबले. काहींनी घरी फोन करून बायकामुलांना बोलावून घेतलं.

रांग चौकापाशी पोचली. चारी बाजूंनी वाहनं येत होती, आणि पलीकडच्या पदपथाकडे सरकणाऱ्या ओळीत पिवळी टोपी रस्त्याच्या कडेला येऊन ठेपली होती. एवढ्यात त्यांच्या शेजारून एक माणूस पुढे गेला. सासरे. ते सभागृहात मागच्या खुर्चीवर बसले होते. केव्हा उठले हे कुणी पाहिलं नव्हतं. ते चौकाच्या मधोमध गेले, पाय जुळवले, छाती काढली आणि हात केला.

बाईंना क्षणभर वाटलं, सुटलो. आता साखळी थांबेल.

साखळी थांबली नाही. वाहनं थांबली. एक बस, दोन टेम्पो, मागे गाड्यांची माळ, सायकलवरचा पाववालासुद्धा पाय टेकून उभा राहिला. दहांत दहा. सासऱ्यांनी दुसरा हात कमरेतून वळवून साखळीला इशारा केला: चला, चला, या. आणि पिवळी टोपी, तिच्या मागची आठ रंगांची मुलं, बेचाळीस लायसिनं, मावशी, मामा, अध्यक्ष असा सगळा लवाजमा सुखरूप रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. 'बाबा, ह्यांना थांबवायचं होतं' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांना सासूबाईंचं म्हणणं पहिल्यांदाच नीट कळलं. शेवटचा माणूस पलीकडे गेला, तसा सासऱ्यांनी हात खाली घेतला आणि ते म्हणाले, "झालं बघ."

आत ठाण संपलं होतं. पीटीच्या सरांच्या हाताखाली अक्षर नव्हतं आणि थांबायची खूणही आली नव्हती. ते शिट्टी तोंडात धरून तसेच बसून होते. पेशीत असं झालं तर काय करतात ते बाईंना ठाऊक होतं: पट्टी फाडतात, साखळी मोडीत काढतात आणि रायबोसोम पुसून पुन्हा कामाला लावतात. शाळेत अहवाल लिहितात. अहवालात 'सहभाग: अंदाजे चारशे दहा (त्यांपैकी प्रेक्षक: शून्य)' अशी नोंद झाली, आणि असा कार्यक्रम दरवर्षी करावा असं ठरलं. प्रथिन कुठलं तयार झालं हे कुणी विचारलं नाही. बाई त्याच आठवड्यात कायम झाल्या. वार्षिक परीक्षेत 'प्रथिन कुठे तयार होते?' ह्या प्रश्नाला एकोणचाळीस मुलांनी 'चौकात' असं उत्तर लिहिलं, आणि बाईंनी प्रत्येकाला अर्धा गुण दिला.

खरं तर सासऱ्यांचा हात खाली आला तिथंच गोष्ट संपली होती. त्यांनी 'झालं बघ' असं स्पष्ट म्हटलंही होतं. त्यानंतर आपण बराच वेळ वाचत आहात. कशासाठी, ते आम्ही विचारणार नाही. 'थांबा' म्हणून बघितलं असतं. पण आपण थांबला असतात, आणि पुढं काय मिळतंय म्हणून उभेच राहिला असतात.