फ्रिजमधलं जिवंत पेन

टीं... टीं... टीं...

दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून दुपारच्या सामसुमीत फ्रिज ओरडू लागला, तरी सून आत हात घालून शोधतच होती. दुधामागे ठेवलेलं नवऱ्याचं इंजेक्शनचं पेन गायब होतं. त्याच्या आतड्याची सूज कशीबशी याच औषधाने उतरली होती. आजचा डोस चुकला आणि पुन्हा त्या कळा, ते रक्त सुरू झालं तर?

"अहो आई, ह्यांचं औषध कुठंय?"

"ते जैविक ना? भाजीच्या टोपलीत ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "जैविक म्हणजे बिनखताचं. मोकळ्या हवेत छान राहतं."

"आई, ते भाजीतलं जैविक! हे जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणून जैविक!"

टोपलीत नुसते बटाटे. सासूबाईंचा चेहरा उतरला. "मघाशी तुझी लेक विचारत होती, जैविक म्हणजे काय. मी म्हटलं, ज्यात जीव असतो ते."

आतल्या खोलीत बाहुली जमिनीवर पालथी पडली होती. तिच्या पलंगावर, गळ्यापर्यंत रुमाल ओढून, पेन निजलं होतं.

"शू! गारठलं होतं ते," लेक कुजबुजली.

सुनेने औषधवाल्याला फोन लावून पेन मघापासून फ्रिजबाहेर असल्याचं सांगितलं. "आपटलं का? उन्हात होतं?" त्याने विचारलं.

"नाही. झोपलं होतं."

"...बरं. मग बिनधास्त टोचा. अर्धा तास बाहेर ठेवूनच द्यायचं असतं, म्हणजे झोंबत नाही. तुम्ही कसं देता?"

सुनेने जीभ चावली. फ्रिजमधून काढलं की लगेच! म्हणूनच दर वेळी ह्यांची किंकाळी ऐकून वरच्या मजल्यावरचे काय झालं ते विचारायला येत.

नवऱ्याने डोळे घट्ट मिटले, टॉवेल दातात धरला. टक्.

"टोच ना लवकर!"

"झालंसुद्धा."

"बघा, माझी टोपली!" सासूबाईंनी श्रेय लाटलं. मग हळूच म्हणाल्या, "पण आत जाऊन हे करतं तरी काय गं?"

"अंगात आपले पहारेकरी असतात, आई. ह्यांचे पहारेकरी ह्यांच्याच आतड्याला चोर समजून झोडपतात. 'मारा, मारा' म्हणत जो निरोप धावतो ना, त्याला हे औषध वाटेतच धरून ठेवतं."

"म्हणजे काडी लावणाऱ्यालाच गाठायचं! आपल्या जिन्यातल्या दोघींना देता येईल का?"

सगळे हसले. लेक मात्र बाबाच्या पोटाकडे एकटक बघत होती.

"आई, पण पहारेकरी बाबाचेच आहेत ना? मग त्यांना बाबा ओळखू कसा आला नाही?"