जार की यार

लिमयेकाकांसमोर ‘यार’ म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य कधी पुरं होत नसे.

मी मयूर विहारला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हा दिल्लीत परदेशी कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. आमच्या ऑफिसात तर साहेबापासून शिपायापर्यंत सगळेच एकमेकांचे यार. त्याच सवयीनं मी जिन्यात बोलून गेलो, "काका, नळाला पाणी नाही यार!"

"यार कुणाला म्हणता?" काका कडाडले. "संस्कृतात जार म्हणजे परस्त्रीकडे चोरून जाणारा! त्या जाराचाच यार झाला. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे!"

पाणी राहिलं बाजूला. भाजीवाला, टेलिफोनवाला, बँकेतली मुलगी, सगळ्यांनी हे हिंदीतून ऐकलेलं होतं. दिवाळसणाला आलेला जावई "क्या यार पापा" म्हणाला, तर काका भरल्या पानावरून उठले होते.

त्यांना पुरून उरले एकटे कुरेशीसाहेब. तळमजल्यावर राहणारे, फारसीचे निवृत्त शिक्षक. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर दोघांची जुंपायची.

"लिमयेसाहब, यार फ़ारसी का है. मतलब, मददगार."

"बिल्कुल नहीं! शब्द हमारा है, बाहर जाकर बिगड़ गया!"

एकदा मी तोंड घातलं. "मग आपला लंगोटीयार?"

"तो लंगोटीमुळे सुटतो!"

मी कुरेशीसाहेबांना याचा अर्थ सांगितला. ते इतके हसले की चष्मा खाली पडला. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग कुरेशीसाहेबांची बायको वारली आणि मुलानं त्यांना फरीदाबादला नेलं. काका पेटलेच. "वाद अर्धा टाकून जातो म्हणजे काय? पळपुटेपणा आहे हा!" दर रविवारी दोन बस बदलून ते फरीदाबाद गाठू लागले. एकदा मलाही घेऊन गेले, साक्षीदार म्हणून.

खुर्चीत बसलेल्या कुरेशीसाहेबांनी काकांकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आप कौन, साहब?"

मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "अब्बू को अब कुछ याद नहीं रहता."

काकांनी स्टूल ओढलं आणि जारापासून सुरुवात केली. मध्येच थांबले. मग कुरेशीसाहेबांची बाजू मांडू लागले, फारसी दाखले देत, मांडीवर थापा मारत, आणि शेवटी स्वतःलाच दरडावून म्हणाले, "लिमयेसाहब, आप हार गए!"

कुरेशीसाहेब खूश होऊन मान डोलावत होते.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काका, तुम्ही फारसी कधी शिकलात?"

"दोन महिने झाले, क्लासला जातो." ते अजून घुश्श्यातच होते. "त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नको?"