खुनी खुर्चीतून उठला

मध्यंतर हा नाटकाला लागलेला रोग आहे, असं भाऊंचं ठाम मत होतं. आणि भाऊंचं मत एकदा ठाम झालं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव समजवायला आला, तरी त्याला चार गोष्टी ऐकवून परत पाठवतील असा त्यांचा लौकिक.

"लोक चहाला म्हणून बाहेर पडतात आणि थेट घर गाठतात," ते तालमीत म्हणाले. "मग मदतीची पेटी कुणापुढे फिरवायची? खुर्च्यांपुढे?"

पेटी फिरवायची होती मामांसाठी. मामा म्हणजे भाऊंच्या नाट्यमंडळाचे मेकअपवाले. जन्मभर उभं राहून दुसऱ्यांची तोंडं रंगवता रंगवता त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. ऑपरेशन ठरलं होतं, पण या प्रयोगातून पैसे उभे राहिले नाहीत तर ते लांबणार होतं. भाऊंची योजना मोठी धूर्त. नाटक खुनाचं. शेवटच्या प्रवेशाआधी पडदा पाडायचा, पेटी फिरवायची, आणि पेटी भरल्यावरच खुनी कोण ते दाखवायचं.

"अहो, पण इतका वेळ माणसं बसतील कशी?" भाऊंच्या बायकोने विचारलं. "आपला प्रेक्षक सगळा साठीच्या पुढचा. मध्ये थोडं उठू द्या त्यांना."

"नाटक रंगलं की देहाचं भान राहत नाही."

"तुमचं राहत नसेल," ती म्हणाली आणि चहाचे कप मोजायला गेली. कुठे बोलणं सोडायचं हे तिला संसाराने शिकवलं होतं.

आता या हॉलची एक खोड होती. प्रेक्षकांचं बाथरूम रंगमंचाच्या मागे. एरवी मध्यंतरात पडदा पडलेला असायचा, तेव्हा लोक बाजूच्या दाराने मागच्या बोळात शिरून निवांत जाऊन यायचे. मध्यंतरच नसलं तर ते कसे जाणार, हा साधा प्रश्न भाऊंच्या डोक्यात आलाच नाही. डोक्यात सगळा खुनीच भरला होता.

कारण खुनी ते स्वतः होते. चाकाच्या खुर्चीतला लुळा म्हातारा, जो नाटकभर जागचा हलत नाही आणि शेवटी ताडकन उठून उभा राहतो. मामांनी काठी बाजूला ठेवून, स्टुलावर बसून त्यांना सुरकुत्या काढल्या, भुवया पांढऱ्या केल्या, मग धुतलेला शर्ट घालून मामा स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पहिला अंक झकास झाला. दुसऱ्यात खुर्च्या कुरकुरू लागल्या. एक आजोबा उठले, त्यांच्यामागे एक आजी, मग तर रांगच लागली. आजोबा काम उरकून अंधाऱ्या बोळातून परतताना पहिलं दिसलं ते दार उघडून आत आले. ते दार नाटकातल्या दिवाणखान्याचं होतं.

"कोण आपण?" इन्स्पेक्टर झालेल्या नटाने दरडावून विचारलं.

"मी तिसऱ्या रांगेतला."

हॉल खदखदून हसला. इन्स्पेक्टरला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने आजोबांना संशयित म्हणून सोफ्यावर बसवलं. पाठोपाठ आजी आल्या. त्याही संशयित. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि प्रेताकडे बघून विचारलं, "याला उशी नाही का दिली?"

लुळे भाऊ खुर्चीत नुसते डोळे वटारत होते. हात हलवायची सोय नव्हती.

मामा मात्र बोळातल्या रांगेतच अडकले होते. भाऊंनी उठू नका म्हणून बजावलेलं, त्यामुळे बिचारे अगदी असह्य होईपर्यंत बसून राहिले होते. रांगेत उभं राहून गुडघे थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी भिंत समजून मागे टेकून घेतलं. भिंत उघडली. मामा पाठमोरे रंगमंचावर आले आणि त्यांच्या हातातली काठी सुटली.

भाऊ खुर्चीतून ताडकन उठले, दोन ढांगांत पोचले आणि त्यांनी मामांना वरच्या वर धरलं.



"म्हातारा चालतोय की," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे खुनी हाच," सोफ्यावरचे आजोबा म्हणाले. "मला आधीच वाटलं होतं."

भाऊंनी हॉलकडे पाहिलं. कधी एकदा पडदा पडतो असं त्यांना झालं. "मध्यंतर," ते पुटपुटले.

बाहेर बायकोने चहाच्या टेबलावर पेटी ठेवली. खुनी कळला होता, तरी कुणी घरी गेलं नाही. लोक मागे जाऊन मोकळे होऊन येत होते आणि पेटीतही हात मोकळा सोडत होते. भाऊंची योजना गाळात गेली आणि ऑपरेशन मार्गी लागलं.

भाऊ मामांची काठी धरून बाथरूमबाहेर उभे होते. मामा बाहेर आले.

"मामा, चुकलं माझं. तुम्हाला चारचौघांत..."

"इतके म्हातारे काढले रे तुझ्या तोंडावर," मामा काठी घेत म्हणाले. "एकाची तरी अडचण तुला कळायला हवी होती."

शरमेने भाऊंचा चेहरा सुरकुत्यांखाली तापला. खाली मान घालून ते निघाले, तर रांगेतली एक मुलगी अदबीने बाजूला झाली.

"आजोबा, तुम्ही आधी जा."

आपण अजून पन्नाशीही गाठलेली नाही, हे सांगायला भाऊंनी तोंड उघडलं. मग दुसऱ्या अंकापासून आपलीही काय अवस्था आहे ते त्यांना आठवलं, आणि ते मुकाट्याने आत गेले.