मासोळ्यांचं गोडं पाणी

खुशालरावानं उभ्या जन्मात एकदाच साहेबाचा हुकूम मोडला, अन् तोही वरणासाठी!

खुशालराव म्हणजे अकोल्यात कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाचा कारकून. त्या साली कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे साहेबाला कोणती हौस करू अन् कोणती नको, असं झालं होतं. त्यानं मडमेसाठी मुंबईहून आगगाडीनं एक काचेची पेटी आणली. तिच्यात समुद्राचं पाणी, अन् पाण्यात पिवळ्या पट्ट्यांच्या दोन मासोळ्या. (वऱ्हाडातला माणूस जन्मात समुद्र पाहायला जात नाही, म्हणून समुद्रच तिकीट काढून आला.) पुढं बंगल्याला चुना लावायचा निघाला, साहेब-मडम आठ दिवस अमरावतीला गेले, आणि पेटी येऊन बसली खुशालरावाच्या ओसरीवर.

"पाणी ह्या रेघेखाली गेला, की गोडा पाणी घाल. फक्त गोडा," साहेबानं बजावलं. "बद्रुद्दीन भिश्ती रोज गोडा पाणीची पखाल आणेल. ही बाटली अस्सल समुद्राची, जपून ठेव. मासा मेला, तर तुझी नोकरी पण मेली!"

आता अकोल्याकडच्या विहिरी खाऱ्या. गोडं पाणी कोसभरावरून यायचं, ते फक्त पिण्यापुरतं. खाऱ्या पाण्यात डाळ तर दुपारपर्यंत चुलीशी भांडत बसते. त्यामुळे बद्रुद्दीननं पहिली पखाल रिकामी केली, अन् खुशालरावाची नियत फिरली. समुद्राच्या मासोळीला गोडं पाणी कशाला? साहेबाची मराठी ती केवढी! 'खारा' म्हणायचं असेल, 'गोडा' म्हणून गेला बिचारा. त्यानं पेटीत विहिरीचं पाणी ओतलं. आपली विहीर काही समुद्राइतकी खारट नाही, म्हणून वरून मूठभर मीठ टाकलं. रोज टाकलं. अन् गोडं पाणी गेलं चुलीवर.

"डाळ कशी लोण्यावानी शिजून राह्यली!" गोदाबाई, म्हणजे त्याची बायको, कौतुकानं म्हणायची. तो मान खाली घालून ओरपायचा.

सातव्या दिवशी सकाळी एक मासोळी आडवी झाली. दुसरी तळाशी नुसती धापा टाकत होती. तेवढ्यात चपराशी सांगून गेला, की साहेब आजच दुपारच्या गाडीनं येतो. खुशालरावानं घाईघाईनं मिठाचं मडकं आणलं.

"हे काय करून राह्यले तुमी?" गोदाबाईनं हात धरला.

शेवटी त्यानं सगळं कबूल केलं. गोदाबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "आवो, वरण चुलीवर आटलं तं त्यात काय घालता?"

"पाणी."

"मीठ काहून नाही घालत?"

"मीठ तं त्यातच राह्यते ना, पाणीच उडून जा..." म्हणता म्हणता खुशालरावाचा आ वासला. "अवं, मारलं की वं मी त्याईले!"

"अजून मेल्या नाहीत. बद्रुद्दीन कुठी हाय?"

"त्याचा बैल लंगडून राह्यला. आज पखाल नाही."

घरात पिण्याची एकच घागर उरली होती. गोदाबाईनं पदर खोचला. पेटीतलं तांब्याभर पाणी काढायचं, घागरीतलं तांब्याभर हळूच सोडायचं, मग थांबायचं. एकदम ओतलं तर आहेत त्याही मरतील, असं तिचं म्हणणं. "तुमी पळीनं चाखत राहा. बाटलीतल्यासारखी चव आली की सांगा."

खुशालरावानं चाखलं. थू! खारट. पुन्हा तांब्या, पुन्हा पळी. एकदा बाटली, एकदा पेटी. ऊन अंगणात आलं. तहानेनं घसा सुकला, पण घागरीला हात लावायची सोय नव्हती. दूर आगगाडीची शिटी वाजली, तेव्हा त्याला रडूच आलं. घागर तळाशी आली, अन् आडवी मासोळी एकदा कलंडली, हलली, आणि हळूहळू सरळ झाली.

"आली वं चव!" खुशालराव पळी तोंडात धरूनच ओरडला. मागं वळला, तर दारात साहेब!

"व्हॉट! तू माशाचा रस्सा पितो?"

"नाही जी! पाणी... बरोबर हाय का, ते चाखून पायतो."

साहेब पेटीशी वाकला. दोन्ही मासोळ्या फिरत होत्या. त्यानं बाटली चाखली, पेटी चाखली, आणि खुशालरावाची पाठ थोपटली. "शाब्बास! खारटपणा मोजायचा यंत्र मी विलायतेहून मागवणार होतो. आता नको. तू रोज बंगल्यावर ये. सकाळी चाख, संध्याकाळी चाख."

पेटी बंगल्यावर गेली, तिच्यामागं बद्रुद्दीनची पखालही गेली. आठवड्यानं खुशालराव जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "अवं, वरणात मीठ टाकाले भुलली काय?"

"दोनदा टाकलं," गोदाबाई म्हणाली. "तुमची जीभच लागली साहेबाच्या नोकरीले. अन् दमानं खा, डाळ कच्ची हाय."