घेवडा लेण्याद्रीला निघाला

कळंबला माझ्या मोबाइलच्या दुकानाशेजारी शांतीलालशेठांचं भुसार दुकान आहे. गिऱ्हाईक समोर उभं असलं, तरी शेठ आधी गल्ल्यावरचा घेवड्याचा दाणा तसूभर सरकवतात, त्याचा फोटो काढतात आणि मगच "बोला पावणं" म्हणतात. असे ढीगभर फोटो जोडले की दाणा चालायला लागतो. शेठ त्याला पिक्चर म्हणतात. जोडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

या खेपेला दाणा घरून निघून लेण्याद्रीला जाणार, काडेपेट्यांच्या पायऱ्या चढणार, गणपतीच्या पाया पडून घरी येणार. संपलं.

"शेठ, वाटेत निदान एक बिबट्या तरी टाका," मी म्हटलं.

"एक जण निघाला, एक जण पोचला. दुसरा आला की घोटाळा व्हतो, राव!"

पिक्चर निम्म्यावर आला आणि हीरोच गायब झाला. पांढऱ्या ठिपक्याचा तो दाणा शेठनी स्वतःच्या हातानं पारगावच्या सीताबाईंना घेवड्यात मोजून दिला होता.

"दुसरा घ्या की," मी म्हणालो.

शेठचा चेहरा उतरला. "आजारपणापासून तुझ्या काकूला मागचं काय ध्यानात ऱ्हात न्हाई. पिक्चर बघताना तोंड बदललं की 'हा कोण, हा कोण' करून रडती. गाडी काढ."

सीताबाईंनी घेवडा भिजत घातला होता. शेठ तडक पातेल्यावर वाकले.

"वजन जास्त दिलं का काय, शेठ?"

"न्हाई. आमचा माणूस आलाय तुमच्यात."

माणूस सापडला, पण फुगून दुप्पट झालेला. गाव जवळ आल्यावर मागून शेठची माझ्या पाठीवर थाप पडली.

"वर महाप्रसाद जेवला, म्हणून फुगला! हाय काय अन् नाय काय!"

शेठच्या घरी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात. त्यानंतर पिक्चर. हा पिक्चर पुरा झाला त्या दिवशी मीही जाऊन बसलो. दाणा चढला, पाया पडला, जेवला आणि फुगलेला खाली उतरू लागला. आता काकू विचारणार, या धास्तीनं मी शेठकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

काकू खुदकन हसल्या. "आवो, जाडा झाला की हा! निघाला तवा केवढुसा व्हता!"

शेठनी पिक्चर थांबवला. "कसा व्हता म्हणलीस?"

"बारीक. मी बघितला न्हवं का!"

शेठनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. पुन्हा पुसले. दाणा पायऱ्यांवर तसाच उभा.

"रडताय काय?" काकू म्हणाल्या. "त्याला घरी पोचवा की."