ठिपक्यांचा कोट

खिडकीवर चढलेला मायाळूचा वेल शिंप्याच्या शिवणयंत्रावर दिवसभर हिरवा उजेड सांडत असे, आणि त्या उजेडात पांढरा दोरा ओवताना शिंप्याच्या डोळ्यांना पाणी येई. त्याच्या बायकोला मात्र त्या जाड, गुळगुळीत पानांचे, जांभळ्या देठांचे आणि मण्यांसारख्या काळ्याभोर फळांचे कोण कौतुक.

"नावाचाच मायाळू," शिंपी म्हणाला. "सगळा उजेड गिळून बसलाय. आज पाचला दातांच्या डॉक्टरांचा कोट गेला की उतरवतोच त्याला."

"उतरवा," बायको म्हणाली. "मग ताटात कोटाचे कपटे वाढते."

डॉक्टरांचा नवा दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडायचा होता. कोट पांढराशुभ्र, शिंप्याचा हात नेमका. टाचणी लावायची तर दोन बोटांच्या अंतरावर, केसभरही इकडेतिकडे नाही. फक्त टाचण्यांची जुनी उशी भुसा गाळू लागली होती आणि तीन महिने तो बायकोकडे नवी मागत होता. त्या सकाळी यंत्राशेजारी तपकिरी चिंधीची एक गुबगुबीत पुरचुंडी दिसली. अखेर आपले कुणी ऐकले, या जाणिवेने त्याला क्षणभर भरून आले. उशी जरा ओलसर वाटली. नवेपणाचा नखरा समजून त्याने सगळ्या टाचण्या तिच्यात खोचल्या आणि तिथून एकेक उपसून कोटाला लावल्या. बायकोने बियांसाठी बांधून ठेवलेली मायाळूची पिकली फळे आत निमूटपणे फुटत राहिली.

शिवण संपवून टाचण्या काढल्या, तेव्हा गळ्याभोवती, खिशांवर आणि पुढच्या दोन्ही कडांवर जांभळे ठिपके उमटले होते. जणू संध्याकाळ थेंबाथेंबाने उतरून शिस्तीत रांगेत उभी राहिली होती. त्याने एका ठिपक्यावर खडू घासला. ठिपका लाजून गुलाबी झाला. पाणी लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. तयार कपड्याला पाणी दाखवायचे नाही, हे त्याने वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेले.

एवढ्यात दारात डॉक्टरांची आई उभी.

"झालाय वाटतं कोट," त्या म्हणाल्या आणि जवळ आल्या. "हे काय?"

"नक्षी," शिंप्याच्या तोंडून निघून गेले. एकदा निघाल्यावर मागे फिरणे त्याच्या स्वभावात नव्हते. "लहान मुलं पांढऱ्या कोटाला घाबरतात. हे ठिपके मोजायला लागली की तोंड आपोआप उघडतं."

"इतकी वर्षं कुठं लपून बसला होतात हो तुम्ही?"

"इथंच. या वेलामागं."

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवले. "आणि अंतर किती सारखं."

"दोन बोटं," शिंपी म्हणाला. तेवढे तरी खरे होते.

"पाचला पाठवते त्याला. ठिपक्यांशिवाय देऊ नका हं, तो म्हणाला तरी."

त्या गेल्या आणि शिंपी तरंगतच बटणे आणायला बाहेर पडला. तेवढ्यात शेजारणीला मायाळूची जुडी देऊन बायको परतली. तिने कोट पाहिला, टाचण्यांनी भोसकलेली पुरचुंडी पाहिली आणि तिला सगळे कळले. आता वेलाचे काही खरे नव्हते. तिने कोट उचलून थेट बादलीत घातला. रोज फळे तोडणाऱ्या तिच्या बोटांना ठाऊक होते, हा रंग थंड पाण्यापुढे टिकत नाही. मग थोडे ऊन, वर कडक इस्त्री.

शिंपी परतला आणि दारातच थबकला.

"ठिपके?"

"घालवले. आता तरी वेलावर खापर फोडू नका."

तो मटकन स्टुलावर बसला. "अगं, ती नक्षी होती."

"कधीपासून?"

"दोन वाजल्यापासून."

बायकोने सगळे ऐकून घेतले, हसू गिळले आणि वेलावरची फळे ओंजळभर खुडून आणली. मग ती फळ धरी, तो त्यात टाचणी बुडवून कापडाला टेकवी. एवढ्या वर्षांच्या संसारातले दोघांचे हे पहिलेच एकत्र भरतकाम.

"तिसरा तिरका गेलाय," ती म्हणाली.

"फळ हललं."

"फळ कसं हलेल? तुमचा हात हलला."

शेवटचा ठिपका टेकला, बटणे लागली आणि डॉक्टर आत आले. कोट पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"आईनं सांगितलंय ठिपक्यांचं," ते हळूच म्हणाले. "तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पण उद्या माझे सर यायचेत. हा साधा पांढरा होईल का हो?"

शिंप्याने बायकोकडे पाहिले. ती बादली भरत होती.

"बसा अर्धा तास," ती म्हणाली.

"आईला काय सांगू?"

"धुतल्यावर गेले म्हणा. खोटं नाही ते."

गरमगरम पांढरा कोट हातावर घेऊन डॉक्टर गेले. शिंप्याने मोठी कात्री उचलली आणि तो खिडकीशी गेला. बायकोने उगाचच इस्त्री पुसायला घेऊन पाठ फिरवली. कात्री एकदा वाजली, दोनदा वाजली, मग बराच वेळ वाजत राहिली. तिने वळून पाहिले, तेव्हा सुईसमोर वीतभर उजेड मोकळा झाला होता, बाकी वेल जागच्या जागी होता, आणि शिंप्याच्या हातात कोवळ्या पानांची जुडी होती.

"एवढी दोघांना पुरतील?" त्याने विचारले.

"पुरतील. आणि फळं? ती का ठेवलीत?"

"असू देत," शिंपी म्हणाला. "उद्या डॉक्टरांच्या आई येतील."